थंडीत घराची ऊब टिकवताना: इन्सुलेशनविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीचा कडाका वाढला की तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात, कधी एका ओळीत, कधी भिंतीवरच्या ओलीच्या फोटोसकट. सगळ्यात जास्त वेळा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे एका प्रश्नाचं शेपूट दुसऱ्यात अडकलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. इन्सुलेशन केलं की घर गरम होतं का?

होत नाही. गोधडी काही अंग तापवत नाही, अंगाची ऊब बाहेर पडायला उशीर लावते. घराचंही तसंच. आत उष्णता देणारं काहीच नसेल तर कितीही जाड थर घाला, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

खरं काम करते ती अडकून पडलेली हवा. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर), थर्माकोल, कागदाचा भुगा हे सगळे हवेला जागच्या जागी धरून ठेवायचे प्रकार आहेत. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५ च्या आसपास असते (वॅट प्रति मीटर प्रति अंश), ग्लासवूलची ०.०३५ ते ०.०४, लाकडाची ०.१३, विटेची ०.६ ते ०.८ आणि पोलादाची ५० च्या घरात. दहा सेंटिमीटर ग्लासवूल जेवढी उष्णता अडवतं, तेवढीच अडवायला विटांची भिंत पावणेदोन मीटर जाड बांधावी लागेल. मात्र ही हवा स्थिर आणि कोरडी राहिली पाहिजे. वारा शिरला, पाणी मुरलं किंवा लोकर दाबून बसवली की हे आकडे फक्त पाकिटावर उरतात.

२. सुरुवात कुठून करू? खिडक्या बदलायचं मनात आहे.

खिडक्या शेवटी. निम्म्याहून जास्त लोक इथेच चुकतात, कारण गार काचेला हात लागतो आणि पोटमाळ्यातलं भोक कोणाला दिसत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो. आधी फटी बुजवा, मग पोटमाळा, मग जमीन आणि भिंती, आणि खिडक्या त्यानंतर. चौकट कुजली असेल किंवा काच तडकली असेल तर अर्थातच क्रम मोडा.

फटींना पहिला मान का, हे हिशेबातून दिसतं. एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला साधारण ०.३४ वॅट-तास लागतात. घरात २५० घनमीटर हवा आहे, दर तासाला ती एकदा पूर्ण बदलते आहे आणि आत-बाहेरच्या तापमानात २० अंशांचा फरक आहे असं धरा. नुसती हवा गरम करण्यात १,७०० वॅट सतत जातात. भिंतीला कितीही थर लावले तरी हा आकडा हलत नाही.

३. फटी डोळ्यांना दिसत नाहीत. शोधायच्या कशा?

बाहेर कडक गारठा आणि थोडा वारा असलेला दिवस निवडा. खिडक्या-दारं लावा, ज्योतीवर चालणारी सगळी उपकरणं विझवा आणि स्वयंपाकघरातला व न्हाणीघरातला एक्झॉस्ट पंखा चालू करा. मग उदबत्ती पेटवून घरभर फिरा, पडद्यांपासून जपून. खोलीच्या मध्यभागी धूर सरळ रेघेसारखा वर जातो. बाहेरच्या भिंतीतल्या सॉकेटपाशी नेला की तीच रेघ एकदम आडवी होते आणि खोलीच्या दिशेने पळते. खिडकीची चौकट भिंतीला मिळते तो सांधा, जमिनीलगतची पट्टी, बेसिनखाली पाइप भिंतीत शिरतो ती जागा, पोटमाळ्याची झडप, हे नेहमीचे चोर.

गरम हवा हलकी असल्याने वर चढते आणि वरच्या भोकांतून निसटते. तिची जागा भरायला खालून गार हवा आत ओढली जाते. म्हणून पाय गार पडतात खाली आणि त्याचं कारण असतं वर. वरची भोकं बुजवली की खालचा वारा बराचसा आपोआप मंदावतो.

पोटमाळ्यावर जुनं ग्लासवूल असेल तर ते इथेतिथे उचलून खालची बाजू बघा. काळपट पट्टे दिसले तर ती बुरशी असेलच असं नाही. वर्षानुवर्षं तिथून हवा गेली आणि लोकरीने त्यातली धूळ गाळून ठेवली, असा त्याचा अर्थ बहुधा असतो. बरोबर त्या पट्ट्याखाली फट सापडते.

याहून नेमकं हवं असेल तर दारात मोठा पंखा बसवून ५० पास्कल दाबाची चाचणी करून घ्या. ढिल्या जुन्या घरात या दाबाला ताशी दहा किंवा जास्त वेळा हवा बदलते. ‘पॅसिव्ह हाउस’ या काटेकोर मानकाची मर्यादा ०.६ आहे. उष्णता टिपणारा कॅमेरा आत-बाहेर किमान १० अंशांचा फरक असताना आणि सूर्य उगवायच्या आत वापरा. उन्हाने तापलेली भिंत त्याला सहज फसवते.

४. त्या बुजवायच्या कशाने?

न हलणाऱ्या बारीक फटीत सीलंट, बोटभर रुंद फटीत आधी फोमची दोरी आणि वर सीलंट, मोठ्या पोकळीत डब्यातला फुगणारा फोम. उघडझाप होते तिथे रबराची किंवा ब्रशची पट्टी.

दोन ठिकाणी हात आवरा. धुराड्याभोवतीच्या पोकळीत फोम चालत नाही, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच हवं. दुसरं म्हणजे खिडकीच्या चौकटीत तळाला किंवा बाहेरच्या विटांच्या थरात मुद्दाम ठेवलेली बारीक भोकं. ती पाणी वाहून जाण्यासाठी असतात. उत्साहाच्या भरात तीही बुजवली तर वर्षभरात चौकट फुगते.

५. थर किती जाड हवा? आर आणि यू हे आकडे कसे वाचायचे?

मीटरमधली जाडी भागिले उष्णतावाहकता, की आर, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, मिळतो. तो जितका मोठा तितकं चांगलं. सगळ्या थरांचे आर एकत्र केले आणि एकला त्या बेरजेने भागलं की यू. तो जितका लहान तितकं चांगलं.

एक घोळ आधीच सोडवतो. अमेरिकी पाकिटावरचा आर आणि मेट्रिक आर वेगळे असतात. अमेरिकी आकड्याला ५.६८ ने भागलं की मेट्रिक आकडा येतो. त्यामुळे तिकडचा १९ हा इकडचा ३.३ असतो. ‘आमचा १९ आहे, तरी घर गार का?’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

आता १०० चौरस मीटर विटांची भिंत घ्या. आत २० अंश, बाहेर शून्य. नुसत्या भिंतीचा आर जेमतेम ०.५, म्हणजे ४,००० वॅट बाहेर जातात. ग्लासवूलचा दहा सेंटिमीटरचा थर लावला की हे ६६७ वर येतात. आणखी दहा लावले तर ३६४, त्यावर आणखी दहा लावले तर २५०. पहिल्या थराने ३,३०० वॅट वाचवले, तिसऱ्याने जेमतेम ११४. तरीही पोटमाळ्यावर मी जाड थराच्या बाजूने असतो, कारण तिथे जागा आयती असते आणि मजुरी एकदाच पडते. तीस सेंटिमीटर तिथे मुळीच जास्त नाहीत.

जाडीपेक्षा सलगपणा मोलाचा. वरच्या भिंतीवर दहा सेंटिमीटरचा थर लावला, पण पाच टक्के भाग उघडा राहिला, तर ६६७ च्या जागी ८३३ वॅट जातात. पाच टक्के आळसाला पंचवीस टक्के दंड.

६. कोणता माल सगळ्यात चांगला?

जागा कोणती आहे त्यावर ठरतं. ग्लासवूल आणि रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) पेट घेत नाहीत, स्वस्तात मिळतात आणि तुळयांमध्ये नीट बसतात, पण वारा लागला तर निकामी. कागदाचा भुगा यंत्राने फुंकला की कानाकोपऱ्यांत पोचतो. त्यात आगीला आवर घालणारी पावडर मिसळलेली असते. काही वर्षांत तो थोडा खाली बसतो, म्हणून आधीच जास्त भरायचा. थर्माकोल हलका आणि सोपा. दाट गुलाबी-निळा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलचाच दाट भाऊ) ओल आणि वजन दोन्ही सोसतो, म्हणून जमिनीखाली तोच बरा. पीआयआर या कडक फोमच्या बोर्डाची उष्णतावाहकता ०.०२२ च्या आसपास असते, त्यामुळे जागा कमी असेल तिथे उपयोगी. लाकडाच्या तंतूंचे बोर्ड जड आणि जाड असतात, पण जुन्या भिंतींशी त्यांचं चांगलं जमतं (प्रश्न १३).

७. पोटमाळ्यावर थर घालताना काय सांभाळायचं?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त परतावा देणारं काम हेच. घाईत बिघडतंही हेच.

आधी छतातली भोकं बुजवा: दिव्यांच्या तारा, पाइप, आतल्या भिंतींचे वरचे सांधे. मग तुळयांच्या मध्ये पहिला थर आणि त्यावर आडवा दुसरा, म्हणजे तुळयांचं लाकूडही झाकलं जातं. लोकर कोंबू नका. तीस सेंटिमीटर लोकर घालून वर फळ्या ठोकल्या आणि ती पंधरावर आणली, तर निम्मं काम वाया जातं. सामान ठेवायचं असेल तर उंच पायांवर फळ्या टाका. झडपेच्या पाठीवर बोर्ड चिकटवा आणि कडेने रबरी पट्टी लावा. बरेच जण एवढंच विसरतात.

वळचणीपाशी हवा खेळायची जागा उघडी ठेवा. मी स्वतःच्या घरात पहिल्या वर्षी तिथपर्यंत लोकर छान दाबून भरली होती. हिवाळ्याच्या शेवटी टॉर्च घेऊन वर गेलो तर छपराच्या फळ्यांतून आत आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरा बर्फ जमला होता, शेकडो बारीक मोत्यांसारखा. दुपारी तो वितळून खालच्या लोकरीवर थेंब थेंब पडत होता. खालची ओलसर हवा वर येत होती आणि बाहेर जायची वाट मी बंद केली होती. वळचणीत हवेसाठी पन्हळीसारखी तावदानं बसवली, झडप घट्ट केली, पुढच्या वर्षी खिळे कोरडे.

थर घातला की पोटमाळा आधीपेक्षा गार होतो. म्हणून तिथल्या पाण्याच्या पाइपांना वेष्टण घाला. टाकी असेल तर ती वरून आणि बाजूंनी गुंडाळा, तळाखाली थर घालू नका, म्हणजे खालची थोडी ऊब तिला मिळत राहील. विजेच्या तारा लोकरीखाली गाडल्या तर तापतात, शक्यतो वर घ्या. पीव्हीसीच्या तारेला थर्माकोल चिकटू देऊ नका. तारेच्या आवरणातला मऊपणा थर्माकोल शोषून घेतो आणि आवरण कडक होऊन तडकतं. छतात बसवलेल्या दिव्यांवर ते झाकायला चालतात असा शिक्का नसेल तर भोवती मोकळी जागा सोडा.

८. वळचणीला बर्फाचे लांब सुळके लोंबतात. दिसायला सुंदर आहेत, पण काळजीचं आहे का?

शेजारच्या घरांना नसतील आणि फक्त तुमच्याच घराला असतील, तर हो. घरातली ऊब छपरापर्यंत पोचते, बर्फ खालून वितळतो, पाणी उतारावरून वळचणीपाशी येतं आणि तिथे छप्पर गार असल्याने पुन्हा गोठतं. असा बांध तयार झाला की मागे साचलेलं पाणी कौलांच्या खालून घरात येतं. बर्फ कुदळीने फोडू नका, छप्पर फुटेल. उपाय प्रश्न ७ मधलाच.

९. बाष्प अडवणारा प्लास्टिकचा कागद आतून लावायचा की बाहेरून?

थंड हवामानात उबदार बाजूला, म्हणजे आतून. हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर ९ अंशांच्या थोडं वर दव धरतं. आर्द्रता ६० टक्के झाली की १२ अंशांवरच. ही हवा भिंतीच्या पोटात गार थरापर्यंत पोचली तर पाणी तिथे, डोळ्यांआड साचतं.

कागदातून झिरपणाऱ्या बाष्पापेक्षा कागदाच्या फाटक्या कोपऱ्यातून वाहणारी हवा कितीतरी पट जास्त ओल नेते. म्हणून कागदाच्या जातीपेक्षा जोडांवरची चिकटपट्टी जास्त महत्त्वाची. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक कधीच लावू नका, एकदा शिरलेली ओल बाहेर पडायला वाट हवी. जुन्या लोकरीवर नवा थर टाकताना मध्ये प्लास्टिक घालू नका.

अपवाद: उन्हाळा दमट असेल आणि तेव्हा घरात एसी चालत असेल, तर बाष्प उलट दिशेने जातं. अशा घरात आर्द्रतेनुसार आपली पारगम्यता बदलणारा कागद बरा.

१०. इन्सुलेशन आणि नव्या खिडक्या झाल्या, आणि बुरशी नेमकी त्यानंतरच आली. असं कसं?

जुनं घर फटींतून श्वास घेत होतं. चार माणसांचं कुटुंब श्वास, अंघोळ, स्वयंपाक आणि वाळत घातलेले कपडे मिळून दिवसाला सुमारे दहा लिटर पाणी हवेत सोडतं. पूर्वी ते वाऱ्यासोबत जायचं, आता आतच राहतं आणि सापडेल त्या गार जागी बसतं. बुरशीला टपकणारं पाणी लागत नाही. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली तरी पुरे.

त्या गार जागा ठरलेल्या असतात: दोन बाहेरच्या भिंतींचा कोपरा, खिडकीच्या बाजूची पाखं, भिंतीला टेकवलेल्या कपाटाची पाठ. कपाट हातभर पुढे ओढा, एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवा आणि कडाक्यात आकडा ४० ते ५० च्या दरम्यान राखा. बाकी पुढच्या उत्तरात.

११. घर इतकं बंद केल्यावर गुदमरायला होणार नाही का?

हवा सोडलीच नाही तर होईल. फटी बुजवायच्या आणि हवा मात्र आपण ठरवू तिथून, ठरवू तेवढी घ्यायची. फट वारा असेल तेव्हा नको इतकी हवा देते आणि निवांत दिवशी काहीच देत नाही. साध्या घरात अंघोळीनंतर अर्धा तास पंखा आणि दिवसातून दोन-तीनदा समोरासमोरच्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडणं पुरतं. खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवण्यापेक्षा हे बरं, कारण हवा बदलते पण भिंती थंड पडत नाहीत.

घर फारच घट्ट असेल तर उष्णता परत मिळवणारं वायुवीजन यंत्र बसवा. बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेला पातळ पापुद्र्याआडून आपली ऊब देऊन जाते. चांगल्या यंत्रात तीन चतुर्थांशाहून जास्त ऊब परत येते. जर्मनीत डार्मश्टाटला १९९०-९१ मध्ये उभं राहिलेलं पहिलं ‘पॅसिव्ह हाउस’ याच जोडीवर चालतं: घट्ट कवच आणि मोजून घेतलेली हवा. गाळण्या मात्र वेळेवर बदला.

१२. भिंतीला आतून थर लावू की बाहेरून?

शक्य असेल तर बाहेरून. घराला अंगरखा घातल्यासारखं होतं: भिंत उबदार बाजूला येते, कोरडी राहते, ऊब साठवते, आणि मजल्यांचे स्लॅब भिंतीला मिळतात ते सांधेही झाकले जातात. खर्च जास्त, खिडक्यांच्या कडा आणि छपराची वळचण वाढवावी लागते, दर्शनी रूप बदलतं.

आतून लावणं स्वस्त आणि खोली-खोलीने जमणारं, पण थोडं धोक्याचं. घराची ऊब आता विटांपर्यंत पोचत नाही. पावसाने भिजलेली वीट उशिरा वाळते, आणि भिजलेली वीट गोठली की तिचे पापुद्रे सुटतात. भिंतीत रोवलेली तुळयांची टोकंही गार आणि ओलसर राहतात. म्हणून आतून करताना थर बेताचा ठेवा, बोर्ड भिंतीला पूर्ण चिकटवा म्हणजे मागे हवा फिरणार नाही, आणि भिंतीला मिळणाऱ्या आडव्या भिंतींवरही हातभर थर वळवा. बाहेरचे तडे आणि गळकी पन्हळ आधी दुरुस्त करा. ओल्या भिंतीवर इन्सुलेशन म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं.

भिंत दोन थरांची आणि मधे पोकळ असेल तर तिसरा मार्ग आहे: बाहेरून भोकं पाडून पोकळी भरायची. एक-दोन दिवसांचं काम. पण वाऱ्यासोबत आडवा पाऊस झोडपतो अशा भिंतीत ती पोकळीच पाणी अडवत असते. भरली तर पाणी आत चढू शकतं. आधी आत कॅमेरा घालून राडारोडा पडलेला नाही ना, हे बघायला सांगा.

१३. आमचं घर जुनं, दगड आणि चुन्याचं आहे. वरचं सगळं लागू होतं का?

पोटमाळा आणि फटी, हो. भिंतींचं वेगळं. अशा भिंती ओल शोषतात आणि सोडतात, त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा फोमचा बोर्ड बसला की सोडणं थांबतं. आधी सिमेंटचा गिलावा उतरवून चुन्याचा करणं, मग हवं तर लाकडाच्या तंतूंचा बोर्ड किंवा भांगेच्या काडीचं चुन्यातलं मिश्रण. आकडा कमी येईल, भिंत टिकेल. चुन्यात हात घातलेला गवंडी शोधा, बाकीचे ‘काही होत नाही’ म्हणतील.

१४. जमीन बर्फासारखी गार लागते.

लाकडी जमीन असेल आणि खाली पोकळी असेल, तर तुळयांच्या मध्ये खालून जाळीवर लोकर धरून ठेवा आणि वरच्या फळ्यांच्या फटी बुजवा. पोकळीला हवा देणारे जोत्यातले झरोके मात्र उघडेच राहिले पाहिजेत, नाहीतर तुळया कुजतात. सिमेंटची जमीन कडेने जास्त ऊब गमावते, मधून कमी. म्हणून जोत्याच्या बाहेरून जमिनीत हात-दीड हात खोल एक्सपीएस बोर्ड पुरला तर आत काही न उकरता फरक पडतो. गालिचा पायाला बरा वाटतो, तेवढंच.

१५. मग खिडक्यांचं काय करायचं?

बाहेर शून्य आणि आत २० अंश असताना एकेरी काचेचा आतला पृष्ठभाग ५ अंशांच्या आसपास असतो. दोन काचा, मध्ये आर्गॉन वायू आणि लो-ई (ऊब आत परतवणारा) लेप असेल तर १७, तीन काचांना १८. दुसऱ्या काचेने मोठी उडी मिळते, तिसरी खरी लागते ती फार कडक थंडीत.

बदलणं परवडत नसेल तर आतून दुसरी काच किंवा पारदर्शक फिल्म लावा. फिल्म दुहेरी पट्टीवर चिकटवून केस वाळवण्याच्या यंत्राने तापवली की ताणून सपाट होते. रात्री जाड पडदा, पण तो हीटरच्या पुढे येऊ देऊ नका, नाहीतर तुम्ही काचच तापवत बसाल. पडद्याआड काच जास्त गार होते, सकाळी पाणी दिसलं तर पुसा.

नव्या तीन काचांच्या खिडकीवर पहाटे बाहेरून दव दिसतं, अशी तक्रार हमखास येते. त्यात बिघाड नाही. आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही, म्हणून ती गवतासारखी दवाने भिजते. दव दोन काचांच्या मध्ये दिसलं तर मात्र सील गेलं.

१६. चकचकीत फॉइल आणि ‘इन्सुलेशनचा रंग’ खरंच चालतो का?

फॉइल उष्णता परतवते, पण तिच्यासमोर हवेची मोकळी जागा असेल तरच. दोन भिंतींमध्ये दाबून बसवलेली फॉइल म्हणजे नुसता कागद. बाहेरच्या भिंतीवर रेडिएटर असेल तर त्यामागे लावायला ठीक. रंगाचा थर अर्धा मिलिमीटरही नसतो. प्रश्न ५ मधला भागाकार करून बघा.

१७. छपराला आतून फवाऱ्याचा फोम मारून घेऊ का?

मी सहसा नको म्हणतो. एकदा मारला की वासे दिसत नाहीत, गळती महिनोन्महिने झाकून राहते, आणि काढायचा म्हटलं तर खरवडावा लागतो. कामाच्या वेळी आणि नंतर किमान एक दिवस घर रिकामं ठेवावं लागतं, कारण त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आहेत. पोटमाळा राहायला वापरायचा असेल आणि वासे कोरडे असल्याची खात्री असेल, तरच विचार करा.

१८. हे सगळं पेट घेईल का?

लोकर नाही, फोम हो. म्हणून फोम घरात उघडा ठेवत नाहीत, वर जिप्सम बोर्ड किंवा गिलावा हवाच. उंच इमारतीत तर हा प्रश्न जिवाचा आहे. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत ७२ माणसं गेली. बाहेरून लावलेल्या ॲल्युमिनियमच्या तावदानांत पॉलिथिलीनचा गाभा होता आणि मागे ज्वलनशील फोम. उंच इमारतीत बाहेरून रॉकवूलच मागा.

१९. घरात लाकडाची शेगडी आहे. फटी बुजवल्या तर धोका?

हो, आणि हा प्रश्न काम सुरू व्हायच्या आधी यायला हवा. शेगडीला जळायला हवा लागते. घर घट्ट झालं आणि स्वयंपाकघरातला जोरदार पंखा चालू झाला, तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढतो आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो. त्याला वास नसतो. शेगडीला बाहेरून स्वतंत्र हवेची नळी द्या आणि अलार्म बसवा. गॅसच्या हीटरलाही हेच लागू.

जमिनीतून रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू येणाऱ्या भागात असाल तर कामाआधी आणि नंतर मोजणी करा. जागतिक आरोग्य संघटनेची सुचवलेली मर्यादा १०० बेकरेल प्रति घनमीटर आहे.

२०. भाड्याचं घर आहे, भिंतीला हात लावता येत नाही.

काढता येतील अशा गोष्टी करा: रबरी पट्ट्या, खिडकीवर फिल्म (प्रश्न १५), दाराखाली वाळू भरलेली कापडी गुंडाळी, बाहेरच्या भिंतीला लागून पुस्तकांचं कपाट, मागे चार बोटं जागा ठेवून. वापरात नसलेल्या धुराड्यात फुगवायचा फुगा मिळतो, त्याची चिठ्ठी दर्शनी जागी लावून ठेवा, म्हणजे पुढचा भाडेकरू त्याखाली जाळ करणार नाही.

२१. रात्री हीटिंग बंद ठेवलं तर सकाळी तापवायला जास्त लागतं, हे खरं?

नाही. बाहेर जाणारी उष्णता आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात असते, घर जितका वेळ गार तितका वेळ तोटा कमी. अपवाद तीन: हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून आत आणणारं यंत्र), जो सकाळी घाईने जोरात चालवला तर जास्त वीज खातो, गोठू शकणारे पाइप, आणि रात्रीत १४ अंशांखाली जाऊन ओल धरणाऱ्या भिंती.

२२. पोटमाळ्यात जुन्या थरात खडीसारखे, चकाकणारे हलके दाणे सापडले. काढून टाकू?

हात लावू नका. ते व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिज असू शकतं. उत्तर अमेरिकेत विकलं गेलेलं बरंचसं व्हर्मिक्युलाइट मोंटानातल्या लिबीच्या खाणीतलं होतं, आणि त्यात फुप्फुसांना घातक असा ॲस्बेस्टॉस मिसळलेला होता. ती खाण १९९० मध्ये बंद झाली, घरांतला माल तसाच आहे. झडप बंद करा, नमुना तपासून घ्या. साध्या ग्लासवूलला हात लावतानाही हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.

२३. सगळं केलं. थर्मामीटर २० दाखवतो, तरी एका खोलीत थंडी वाजते.

थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो, अंगाला भिंतींचंही लागतं. बाहेर शून्य असताना उघड्या विटांच्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १५ अंशांच्या आसपास असतो, दहा सेंटिमीटर थर लावलेल्या भिंतीचा १९. एका बाजूने गार भिंत असेल तर २० अंशांच्या हवेतही त्या बाजूचा खांदा आखडतो.

उष्णता मोजणारा साधा लेझर थर्मामीटर घेऊन खोलीच्या भिंती, छत, जमीन आणि कोपरे एकेक करून मोजा. बहुतेक वेळा तीनपैकी एक सापडतं: बाल्कनीचा स्लॅब सरळ आतपर्यंत आलेला असतो आणि उष्णता त्यातून वाहून जाते, खोली गॅरेजवर किंवा उघड्या बोळावर असते आणि तिच्या जमिनीखाली थरच नसतो, किंवा छताच्या त्या कोपऱ्यात कोणीतरी तार ओढताना लोकर बाजूला सारलेली असते आणि परत ठेवायची राहून गेलेली असते. तिसरं कारण असेल तर शिडी लावा, दहा मिनिटांचं काम आहे.